प्रिन्सेस स्ट्रीटवरचे गॅमा ॲल्युमिना: अल्कोहोलच्या अभिक्रियांसाठी घ्यावे का?

मुंबईत प्रयोगशाळेसाठी रसायने आणि काचसामान घ्यायचे म्हटले, की मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठायची, ही सवय आमच्या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शामलदास गांधी मार्ग हे नाव पाट्यांवर असले, तरी बिलापासून फोनपर्यंत सगळीकडे जुनेच नाव चालते. तेथील एका विक्रेत्याकडून आमच्या पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागाने अल्कोहोलच्या निर्जलीकरणाच्या प्रयोगांसाठी घेतलेल्या तीन पदार्थांचे हे परीक्षण आहे. पहिला पदार्थ उत्प्रेरक दर्जाचे म्हणून विकले जाणारे गॅमा ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे एक सच्छिद्र रूप, दुसरा कॉलम क्रोमॅटोग्राफीसाठीचे ‘ॲसिडिक’ ॲल्युमिना आणि तिसरा सल्फेटेड झिर्कोनियाची, म्हणजे सल्फेट बसवलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडची, पूड. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच माल थोड्याफार फरकाने त्या रस्त्यावर अनेकांकडे मिळतो आणि मला लिहायचे आहे ते मालाविषयी.

गॅमा ॲल्युमिनाबरोबर एक पानी विश्लेषण-प्रमाणपत्र येते. त्यात पृष्ठीय क्षेत्रफळ, छिद्रांचे आकारमान, घनता, कांड्यांची दाब सहन करण्याची क्षमता आणि तापवल्यावर होणारी वजनातील घट एवढ्या गोष्टी व्यवस्थित दिलेल्या असतात. क्षेत्रफळ ग्रॅममागे २०० चौरस मीटरच्या आसपास लिहिलेले होते आणि बीईटी पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागावर किती नायट्रोजन बसतो ते मोजून, आम्ही ते पडताळले तेव्हा त्यात खोट आढळली नाही. मात्र अल्कोहोलची अभिक्रिया ज्या गुणावर उभी आहे, त्या पृष्ठभागाच्या आम्लतेविषयी या पत्रकात अक्षरही नाही. घराच्या जाहिरातीत कार्पेट एरिया छापावा आणि नळाला पाणी किती वेळ येते ते लिहू नये, तसा हा प्रकार आहे. सारख्याच क्षेत्रफळाची दोन ॲल्युमिना एकाच अल्कोहोलशी अगदी वेगळी वागू शकतात, आणि तो फरक प्रमाणपत्र वाचून कळत नाही.

हा फरक कोठून येतो ते समजून घेतल्याशिवाय मालाचा दर्जा ठरवणे अवघड आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ तापलेल्या धातू-ऑक्साइडवरून नेली, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. रेणूतून पाणी निघून गेले तर प्रोपीन मिळते आणि हायड्रोजन निघून गेला तर ॲसिटोन मिळते. ॲल्युमिनासारख्या आम्लधर्मी पृष्ठभागावर पहिली वाट धरली जाते, तर मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या आम्लारिधर्मी पृष्ठभागावर दुसरी. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये पॉल साबात्ये आणि मेल या दोघांनी कित्येक ऑक्साइडांवर अल्कोहोलच्या वाफा नेऊन त्यांची याच धर्तीवर वर्गवारी केली होती: पाणी काढणारी, हायड्रोजन काढणारी आणि दोन्ही करणारी. साबात्ये यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते सूक्ष्म धातूंच्या साहाय्याने होणाऱ्या हायड्रोजनीकरणासाठी, तरी ऑक्साइडांवरचे त्यांचे हे काम अल्कोहोलच्या संशोधकांना आजही दररोज उपयोगी पडते. ॲल्युमिना त्यांच्या यादीत पाणी काढणाऱ्यांच्या गटात होते, आणि तापलेल्या ॲल्युमिनावरून अल्कोहोल नेल्यास इथिलीन मिळते ही गोष्ट तर हॉलंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच पाहिली होती.

आम्लधर्मी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रोटॉन देणारे आम्ल येते. गॅमा ॲल्युमिनाच्या बाबतीत मुख्य काम अशा आम्लाचे नसते. बोहमाइट म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्सि-हायड्रॉक्साइड ४५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले, की त्यातील पाणी निघून जाऊन गॅमा रूप तयार होते. या भाजण्यात पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी जुळून पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात आणि काही ॲल्युमिनियम अणूंभोवती ऑक्सिजनची संख्या अपुरी राहते. हे अपुरे अणू इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारायला आसुसलेले असतात. हीच लुईस आम्ल-स्थाने होत. अल्कोहोलमधील ऑक्सिजन या ॲल्युमिनियमला धरतो, शेजारचा पृष्ठभागावरील ऑक्सिजन अल्कोहोलच्या पुढच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो, आणि आम्ल व आम्लारी अशा या जोडीच्या एकत्रित ओढीने पाणी सुटते. शिल्लक राहिलेले हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन देऊ शकतात, पण ते इतके दुबळे असतात की पिरिडीनसारख्या आम्लारीलाही ते सहसा प्रोटॉन देत नाहीत. म्हणून ॲल्युमिना निर्जलीकरण नीट करते आणि तयार झालेल्या अल्कीनची (प्रोपीनसारख्या दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनाची) फारशी मोडतोड करत नाही. मिथेनॉलवर हे सर्वांत स्पष्ट दिसते. ॲल्युमिनावर त्यापासून डायमिथाइल ईथर मिळते आणि अभिक्रिया तेथेच थांबते. एचझेडएसएम-५ सारख्या प्रबळ प्रोटॉन-आम्ल झिओलाइटवर मात्र ती पुढे सरकत हायड्रोकार्बनांपर्यंत जाते. ॲल्युमिनाच्या आम्लतेचा सौम्यपणा हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा गुण आहे, आणि अधिक आम्लता म्हणजे अधिक चांगला उत्प्रेरक असे मानून खरेदी करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

आता प्रत्यक्ष मालाकडे वळतो. कांड्या पांढऱ्याशुभ्र, साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीच्या आणि बऱ्यापैकी मजबूत आहेत. पिशवीच्या तळाशी भुकटी फार साचलेली नव्हती. भट्टीतून काढून कोरड्या हवेत गार केलेली कांडी पाण्यात टाकली, तर ती सुरसुरते, बारीक बुडबुडे सोडते आणि हाताला स्पष्ट जाणवेल इतकी तापते. पिशवीतून थेट काढलेल्या कांडीत यातले काहीच दिसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड नुसते दोऱ्याने बांधून माल हाती दिला जातो, आणि तो विभागात पोहोचेपर्यंत हवेतील दमटपणा पोटभर पिऊन बसलेला असतो. पाण्याचा रेणू त्याच अपुऱ्या ॲल्युमिनियम अणूंवर जाऊन बसतो, म्हणजे आपण पैसे ज्यासाठी मोजले त्या जागाच भरून जातात. सुदैवाने हे नुकसान भरून येते. कोरड्या नायट्रोजनच्या किंवा हवेच्या प्रवाहात ४५० ते ५०० अंशांवर काही तास ठेवले, की जागा पुन्हा मोकळ्या होतात. मात्र भट्टीच्या तापमापकावर विश्वास असल्याशिवाय तापमान फार चढवू नये, कारण हजार-अकराशे अंशांच्या पुढे गॅमा रूप अल्फा रूपात बदलते, क्षेत्रफळ काही चौरस मीटरांवर येते आणि मग कशानेही ते परत येत नाही.

कसोटीसाठी आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) निवडले. यामागे रसायनशास्त्राइतकेच कायद्याचेही कारण आहे. शुद्ध इथेनॉल मिळवायचे तर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, साठ्याची नोंदवही आणि तपासणी यांतून जावे लागते, आणि महाविद्यालयांना ते नेहमीच जमते असे नाही; आयपीए मात्र कोणत्याही विक्रेत्याकडे सहज मिळते. शिवाय दुय्यम अल्कोहोल असल्यामुळे ते इथेनॉलपेक्षा कमी तापमानाला अभिक्रिया करते आणि त्याची दोन उत्पादिते पृष्ठभागाचा स्वभाव लगेच सांगतात. क्वार्ट्झच्या नळीत चाळून घेतलेला उत्प्रेरक, वर-खाली क्वार्ट्झची लोकर, नायट्रोजनबरोबर येणारी आयपीएची वाफ आणि पुढे उत्पादिते वेगळी करून मोजणारा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ), एवढ्या साधनावर ही कसोटी होते. २०० अंशांच्या पुढे गेल्यावर या मालाने जवळजवळ निव्वळ प्रोपीन दिले. त्याखालच्या तापमानाला थोडे डायआयसोप्रोपिल ईथर दिसले, ते अपेक्षितच होते. ॲसिटोनचे शिखर जीसीवर शोधूनच काढावे लागत होते. या निकालावर मी समाधानी आहे.

ही कसोटी सोपी आहे म्हणून तिच्याकडून नको तेवढे काढून घेण्याचा मोह होतो, आणि प्रकल्प-अहवालांत तो मला वारंवार दिसतो. प्रोपीन मिळाले यावरून आम्ल-स्थाने आहेत एवढे कळते. ती लुईस आहेत की ब्रॉन्स्टेड, म्हणजे प्रोटॉन देणारी, हे कळत नाही. ॲसिटोन मिळाले म्हणजे पृष्ठभाग आम्लारिधर्मीच आहे असेही नाही, कारण तांबे किंवा तत्सम क्षपणक्षम धातूचा अंश असला तरी हायड्रोजन निघून जाऊन ॲसिटोनच बनते. आम्ल किती प्रबळ आहे हे पाहायचे असेल, तर १-ब्युटॅनॉल हे अधिक बोलके अल्कोहोल आहे. त्यातून पाणी गेले की प्रथम १-ब्युटीन मिळते. आम्ल-स्थाने पुरेशी प्रबळ असली तर त्यातील दुहेरी बंध सरकून सिस आणि ट्रान्स २-ब्युटीन होतात, आणि अतिशय प्रबळ असली तर कार्बनचा सांगाडाच बदलून आयसोब्युटीन येते. आमच्या मालावर वाफेचा वेग जास्त ठेवला तेव्हा मुख्यतः १-ब्युटीन आले, वेग कमी केला तसे २-ब्युटीन वाढत गेले, आयसोब्युटीन काही आढळले नाही. मध्यम ताकदीच्या, स्वच्छ गॅमा ॲल्युमिनाने जसे वागावे तसेच हे वागणे आहे.

इथे सोडियमचा प्रश्न येतो, आणि या परीक्षणातील माझी सर्वांत मोठी तक्रार त्याच्याशीच निगडित आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील हर्मन पाइन्स आणि हाग यांनी १९६० साली दाखवून दिले, की ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून बनवलेले ॲल्युमिना चांगले आम्लधर्मी असते, तर सोडियम ॲल्युमिनेटपासून बनवलेल्या ॲल्युमिनात उरलेले अल्प सोडियम त्याची प्रबळ आम्ल-स्थाने मारून टाकते. दोन्हींची रचना गॅमाच, रंग सारखाच, क्षेत्रफळही जवळपास सारखे असू शकते. सोडियम सर्वांत आधी सर्वांत प्रबळ जागा निकामी करते, त्यामुळे साधे निर्जलीकरण बऱ्याच प्रमाणात चालू राहते आणि फक्त दुहेरी बंध सरकणे थांबते. ज्याला १-ब्युटीनच हवे आहे त्याला असे सोडियमयुक्त ॲल्युमिना उलट उपयोगी पडेल. ज्याला आम्लता हवी आहे त्याची मात्र फसगत होईल. म्हणजे सोडियम वाईटच असा नियम नाही, पण ते किती आहे हे माहीत असायलाच हवे. आमच्या पहिल्या लॉटच्या प्रमाणपत्रात सोडियम ऑक्साइडचा रकाना होता. दुसऱ्या लॉटच्या प्रमाणपत्रात तो रकानाच नव्हता, आणि नेमक्या त्याच लॉटवर २-ब्युटीनचे प्रमाण त्याच परिस्थितीत स्पष्टपणे कमी आले. विक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याने उत्पादकाशी बोलून कळवतो असे सांगितले. कळवणे अद्याप झालेले नाही. सोडियम आयसीपी या मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणावर तपासून घेता येते, आणि पवईच्या आयआयटीतील सॅइफ या उपकरण-सुविधेसारख्या केंद्रांत बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेतले जातात, परंतु ग्राहकाने एवढे करावे लागू नये.

इथेनॉलसाठी परवाना असलेल्या वाचकांनी तापमानाकडे लक्ष द्यावे. २५० अंशांच्या आसपास दोन रेणू एकत्र येऊन डायइथाइल ईथर मोठ्या प्रमाणात बनते, कारण ती अभिक्रिया उष्णता देणारी आहे. ३०० अंशांच्या पुढे उष्णता शोषून घेणारी इथिलीनची वाट वरचढ ठरते. ऊसाच्या मळीतील इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून ग्लायकॉल बनवण्याचा उद्योग आपल्या देशात चालतो, तेव्हा हा विषय निव्वळ पाठ्यपुस्तकी नाही. रेक्टिफाइड स्पिरिट वापरले तर त्यातील चारपाच टक्के पाणी आम्ल-स्थानांसाठी अल्कोहोलशी स्पर्धा करते आणि ॲल्युमिनाचा वेग कमी होतो. लुईस आम्लाची ही मूळ मर्यादाच आहे, त्यासाठी या मालाला दोष देता येणार नाही.

काही आठवडे वापरलेली कांडी नखाने मोडून पाहिली, तेव्हा बाहेर काळसर-तपकिरी कडे आणि आत राखाडी गाभा असा छेद दिसला. कोक, म्हणजे कार्बनयुक्त काळा थर, बाहेरून आत जमत गेलेला होता, म्हणजे अल्कोहोलची वाफ गाभ्यापर्यंत पुरेशी पोहोचत नव्हती आणि बरेचसे काम बाहेरच्या थरातच उरकत होते. मापनासाठी ॲल्युमिना वापरायचे असेल तर कांड्या कुटून चाळून घ्याव्यात, असे मी यावरून सुचवतो; अख्ख्या कांडीवर मोजलेला वेग आम्लतेबरोबरच छिद्रांतून होणाऱ्या वाहतुकीचाही असतो आणि मग दोहोंना वेगळे करता येत नाही. हवेत ५५० अंशांपर्यंत हळूहळू तापवल्यावर कांड्या पुन्हा पांढऱ्या झाल्या आणि प्रोपीनची निर्मितीही पूर्ववत झाली. पुनर्वापराच्या बाबतीत हा माल चांगला आहे.

आम्लतेचे मापन आम्ही उपनगरातील एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतले, आणि त्या सेवेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. अमोनियाचे तापमान-क्रमित विशोषण, म्हणजे आपण ज्याला टीपीडी म्हणतो, त्यात नमुन्यावर अमोनिया बसवतात आणि तापमान ठरावीक वेगाने वाढवत तो कधी व किती सुटतो ते मोजतात. कमी तापमानाला सुटलेला अमोनिया दुर्बळ जागांचा आणि जास्त तापमानाला सुटलेला प्रबळ जागांचा, असा त्याचा ढोबळ अर्थ. अहवाल वेळेवर आला, आलेखही सुबक होता. पण त्यात ५०० अंशांच्या पुढचे एक रुंद शिखर ‘अतिप्रबळ आम्ल-स्थाने’ म्हणून नोंदवून एकूण बेरजेत धरले होते. हे ॲल्युमिना ज्या तापमानाला भाजलेले आहे त्याच्या पलीकडे तापवले, की उरलेले हायड्रॉक्सिल गट जुळून पाणी सुटते, आणि औष्णिक वाहकता मोजणाऱ्या शोधकाला अमोनिया आणि पाणी यांतला भेद कळत नाही. अमोनिया न देता तोच नमुना त्याच क्रमाने तापवून कोरी चाचणी घेण्याची आम्ही विनंती केली. ती त्यांनी वेगळे शुल्क लावून केली आणि ते शिखर त्यातही जसेच्या तसे उमटले. टीपीडी करून घेणाऱ्या प्रत्येकाने कोरी चाचणी, नमुन्याची पूर्वतयारी कोणत्या तापमानाला केली आणि अमोनिया कोणत्या तापमानाला बसवला, या तीन गोष्टी अहवालात लेखी मागून घ्याव्यात. पूर्वतयारी १५० अंशांवर झाली की ५०० अंशांवर, यावर मोकळ्या ॲल्युमिनियम अणूंची संख्या ठरते, आणि ती नोंद नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही.

टीपीडीची दुसरी मर्यादा म्हणजे अमोनिया लुईस आणि ब्रॉन्स्टेड अशा दोन्ही जागांवर बसतो. भेद करायचा तर पिरिडीन बसवून अवरक्त वर्णपट घ्यावा लागतो. लुईस जागेवरच्या पिरिडीनची पट्टी १४५० प्रति सेंटीमीटरजवळ येते, प्रोटॉन घेतलेल्या पिरिडीनची १५४० ते १५४५ जवळ, आणि १४९० ची पट्टी दोहोंची मिळून असते. आमच्या गॅमा ॲल्युमिनात १४५० ची पट्टी ठळक होती आणि १५४० जवळ रेषा सपाट होती. शिवाय १६०० च्या वरच्या भागात १६१४ आणि १६२२ अशा दोन जवळजवळ पट्ट्या दिसल्या. त्यांतली वरची अधिक प्रबळ लुईस जागांची. दुसऱ्या लॉटमध्ये हीच वरची पट्टी खुजी झालेली होती. ब्युटॅनॉलच्या कसोटीत जे दिसले, तेच येथे स्वतंत्रपणे दिसले, याचा मला फार आनंद झाला.

ज्यांच्याकडे एवढ्या चाचण्यांचा खर्च करण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी हॅमेट दर्शकांची जुनी पद्धत आजही टाकाऊ नाही. कोरड्या सायक्लोहेक्झेनमध्ये भाजलेली पूड घेऊन त्यात दर्शकाचे काही थेंब टाकायचे आणि रंग बदलतो का ते पाहायचे. डायमिथाइल यलो हॅमेट मापनश्रेणीवरील +३.३ या आम्लतेला बदलते, चाल्कोन −५.६ ला आणि अँथ्राक्विनोन −८.२ ला; आकडा जितका ऋण, तितके आम्ल प्रबळ. पूड पांढरी असल्यामुळे ॲल्युमिना आणि झिर्कोनिया या पद्धतीला सोयीचे आहेत. मात्र हवेतील दमटपणा लागला की निकाल बिघडतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात ही चाचणी कोरड्या पेटीशिवाय करू नये.

दुसऱ्या पदार्थाविषयी माझे मत थोडक्यात सांगता येईल: उत्प्रेरक म्हणून तो घेऊ नये. गॅमा ॲल्युमिना संपले होते त्या दिवशी काउंटरवरच्या गृहस्थांनी आमच्या विद्यार्थिनीला सांगितले, “मॅडम, तुम्हाला आम्लता हवीय ना? मग हे ॲसिडिक ॲल्युमिना न्या, उलट जास्तच स्ट्राँग आहे.” त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण सल्ला चुकीचा होता. क्रोमॅटोग्राफीच्या ॲल्युमिनावर ॲसिडिक, न्यूट्रल, बेसिक असे जे लिहिलेले असते ते पाण्यात कालवल्यावर येणाऱ्या सामूवरून (पीएचवरून) ठरते, अनुक्रमे साधारण ४.५, ७ आणि ९.५. ॲसिडिक प्रकार आम्लाने, बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लाने, धुतलेला असतो आणि त्यात क्लोराइड उरते. अल्कोहोलची वाफ नेल्यावर त्या क्लोराइडमुळे सुरुवातीला क्रियाशीलता चांगली दिसू शकते. निर्जलीकरणात तयार होणाऱ्या वाफेबरोबर क्लोराइड निघून जाऊ लागले, की ती घसरते आणि पुढची स्टीलची नळी गंजते ते वेगळेच. डब्यावरची ब्रॉकमन श्रेणीही केवळ पाण्याचे प्रमाण सांगते. कॉलम भरण्यासाठी हा माल उत्तम आहे. ते त्याचे काम आहे.

सल्फेटेड झिर्कोनियाचा विषय मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. गणपती यादव यांनी झिर्कोनियावर आधारित प्रबळ आम्ल उत्प्रेरकांची मालिकाच विकसित केली आणि तिला यूडीकॅट असे संस्थेच्या नावावरूनच नाव दिले. त्यांपैकी यूडीकॅट-५ मध्ये क्लोरोसल्फॉनिक आम्ल वापरून झिर्कोनियाची चौकोनी स्फटिकरचना न मोडता अधिक सल्फेट बसवलेले आहे. सल्फेटेड झिर्कोनियाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते १९८० च्या आसपास जपानचे हिनो आणि अराता यांच्या कामामुळे. त्यांनी तिला अतिआम्ल म्हटले, पुढे त्या दाव्यावर बरीच चर्चा झाली. आम्ही घेतलेल्या पुडीत पिरिडीनने लुईस आणि ब्रॉन्स्टेड अशा दोन्ही पट्ट्या दाखवल्या, आणि आयपीएचे निर्जलीकरण ॲल्युमिनापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला सुरू झाले. पण तिच्यावर कोक लवकर जमतो, आणि द्रव अवस्थेत आणखी एक अडचण पुढे येते. गरम मिथेनॉलमध्ये ढवळून, गरम असतानाच गाळून घेतलेल्या स्वच्छ द्रवात पाणी आणि बेरियम क्लोराइड घालून थोडे तापवले, तेव्हा परीक्षानळीत पांढरा गढूळपणा आला. सल्फेट पृष्ठभाग सोडून द्रावणात उतरलेले होते, म्हणजे अभिक्रियेचा काही भाग घन उत्प्रेरक करत नसून सुटलेले गंधकाम्लच करत होते. विक्रेत्याच्या पत्रकात ‘पुनर्वापरयोग्य’ असे ठळक छापले आहे. वायू अवस्थेत, कोरड्या परिस्थितीत ते कदाचित खरे ठरेल, अल्कोहोलच्या द्रव अभिक्रियांत मी ते मान्य करणार नाही. अशा कामासाठी टंगस्टन ऑक्साइड बसवलेला झिर्कोनिया अधिक टिकाऊ आहे. पाणी भरपूर असेल तेथे जलयुक्त नायोबियम ऑक्साइडचा विचार करावा, कारण ते पाण्यातही आम्लता राखते; मात्र ते ५०० अंशांच्या पुढे भाजू नये, नाहीतर ती आम्लता बरीचशी नाहीशी होते.

तेव्हा या दुकानातून अल्कोहोलच्या निर्जलीकरणासाठी काय घ्यावे, असे मला कोणी विचारले तर गॅमा ॲल्युमिनाच्या कांड्या घ्या असेच मी सांगेन. किंमत मोठ्या आयात पुरवठादारांच्या मानाने बरीच कमी आहे, क्षेत्रफळ छापल्याप्रमाणे आहे आणि उत्पादिते स्वच्छ मिळतात. घेताना मात्र सोडियम ऑक्साइडचा आकडा, बोहमाइट कोणत्या मार्गाने बनवले आणि भाजण्याचे तापमान ही माहिती लेखी मागावी. संपूर्ण प्रबंधाला पुरेल एवढा माल एकाच लॉटमधून उचलावा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून लॉट क्रमांक झाकणावर नव्हे तर बरणीवर लिहावा, आणि त्यातले थोडे वेगळ्या कुपीत बाजूला ठेवावे. पुढचा लॉट आला की दोन्हींवर एकाच दिवशी, एकाच नळीत, आधी आयपीए आणि मग १-ब्युटॅनॉल नेऊन पाहावे.